शेऱ्यासकट पत्रिका

जनार्दन मूळचा हिंगोलीकडचा, नोकरी हिंजवडीत, आणि बिऱ्हाड भरे गावात घरमालकीण गोजराबाईंच्या वरच्या दोन खोल्यांत. माणूस गुणी, पण एक खोड होती: कोणतीही वस्तू त्याला एकटी बघवत नसे. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्याला त्यानं सुतळीनं ज्याचा त्याचा चमचा बांधला होता. "शोधाशोध नको," असं त्याचं म्हणणं. त्याची बायको शारदा वर्षभर सुतळी चहात बुडवत होती आणि संसार रेटत होती.

ऑफिसात तो लिहीत असलेल्या प्रोग्राममध्येही तेच. नाव, गाव, पत्ता अशी जी जी अक्षरी माहिती असेल तिला तो मदतनीस मेथड, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे छोटे हुकूम, जोडून टाकी. एक जास्तीच्या मोकळ्या जागा छाटणारी, एक लांबलचक मजकूर आखूड करणारी, एक पुढे 'श्री.' लावणारी. नावाला नुसतं 'नीट हो' म्हणायचं, की ते आपलं आपण नीट होई. ऑफिसातले साहेब म्हणाले, "सगळ्यांनाच कशाला? ज्याला लागतं त्याला लाव." जनार्दनला हे पटलं नाही. भेदभाव त्याला आवडत नसे.

गोजराबाईंच्या मुलीचं, पिंकीचं लग्न ठरलं, आणि साडेतीनशे पत्रिकांवर नावं घालायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. लॅपटॉप घेऊन तो ओट्यावर बसला, बाई सांगू लागल्या. आता शेरा मारल्याशिवाय माणसाचं नाव घेणं गोजराबाईंना जमत नाही. "विठ्ठलराव, महाळुंगे. जमीन इकल्यापास्नं गॉगल काढत न्हाई." जनार्दननं नाव, गाव आणि शेरा असे रकाने केले. पत्रिका वाटणाऱ्या किशोरला, म्हणजे बाईंच्या मुलाला, माणसं ओळखायला सोपं जाईल, एवढाच हेतू.

घोटावड्याच्या हैबतरावांपाशी बाई अडल्या. हैबतराव त्यांचे सख्खे थोरले भाऊ. वडिलांच्या जमिनीतल्या हक्कसोडीच्या कागदावर बहिणीनं सही केली नाही, म्हणून तीन वर्षं बोलणं बंद. आणि पोरीला मांडवात आणायचा मान तर मामाचा.

"लिव्ह," बाई म्हणाल्या. "लई हेकट हाय. पर त्याच्याबिगर माज्या पोरीला मांडवात कोण आणणार?" मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "ह्ये त्याला कळू द्यायचं न्हाई."

जनार्दननं मान डोलावली आणि तेही टाइप केलं.

लेबलं सुबक निघाली. शारदानं ती न वाचताच पाकिटांवर भराभर चिकटवली, आणि किशोर पहिला गठ्ठा घेऊन मोटारसायकलवर घोटावड्याच्या वाटेला लागला. वाचायची सवय त्याला शाळेतही नव्हती. संध्याकाळी पिंकीनं वर येऊन जनार्दनच्या हातात त्याची पत्रिका ठेवली. पाकिटावर होतं: 'श्री. जनार्दन, गुणी हाय, पर जिन्यातला दिवा कदी मालवत न्हाई, वरची खोली, भरे.'

त्यानं लॅपटॉप उघडून बघितला. पत्ता जुळवणाऱ्या मेथडला त्यानं सांगून ठेवलं होतं, ज्या माहितीला मदतनीस जोडलेत ती सगळी घे. आणि मदतनीस त्यानं शेऱ्यालाही जोडले होते. आलेला शेरा नीट छाटून, झाडून-पुसून पाकिटावर बसला होता.

खाली जाऊन त्यानं कबुली दिली.

"म्हंजी दादालाबी?" बाईंनी विचारलं.

"हो मावशी. 'कळू द्यायचं न्हाई' हेसुद्धा."

बाईंनी शिव्या दिल्या नाहीत, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. आता दादा लग्नाला येत नाही, आणि ते आपल्याच जिभेपायी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. जनार्दनलाही मनापासून वाईट वाटत होतं.

सकाळी तो ओट्यावर बसून शेऱ्याचे मदतनीस एकेक करून सोडवत होता, तेवढ्यात दारात जीप थांबली. हैबतराव उतरले. हातात पाकीट होतं.

"ह्ये कुणी छापलं?"

जनार्दननं शाळेतल्यासारखा हात वर केला. हैबतराव त्याच्या शेजारी टेकले आणि बराच वेळ पाकीट उलटंसुलटं करत राहिले.

"तीन वरसं वाट बगितली, तिचा येक शबुद कानावर यील म्हणून," ते म्हणाले. "आन् म्हणं कळू द्यायचं न्हाई. तुज्या मशिनीला अक्कल न्हाई, त्ये बरं झालं." मग ते खाकरले. "माजंबी येक छाप. तिच्या नावानं. मला तोंडानं जमायचं न्हाई."

"सांगा."

"गोजरा, जमीन ऱ्हाऊ दे तुजी. सही मागितली ही माजी चूक. पोरीला मांडवात मीच आणणार."

गोजराबाई चहा घेऊन मागं दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जनार्दननं टाइप करायचं थांबवलं, लॅपटॉप मिटला आणि तो जिना चढून गेला.