ताट साफ, दात उत्तम

दवाखान्यात लवंगेच्या तेलाची बाटली उघडली, की मला कंधारकडचा तो वृद्धाश्रम आठवतो आणि डोकं तापतं. दातांची डॉक्टर म्हणून तिथल्या तपासणीसाठी मी नांदेडहून गेले होते. तिथले मॅनेजर दर महिन्याला प्रत्येकाच्या तब्येतीची नोंद करत, आणि झाडून सगळ्यांच्या नावापुढं एकच शेरा होता: दात उत्तम. पत्र्याच्या शेडमध्ये जेवणं चालली होती, वरणाच्या लसणीच्या फोडणीचा वास सुटला होता. कोपऱ्यात एक आजी तोंडावर पदर धरून बसल्या होत्या. त्यांनी भाकरी वरणात इतकी कुस्करली होती, की चावायला काही उरलंच नव्हतं. त्यांना खोलीत नेऊन दार लावलं, तेव्हा कुठं पदर सरला. गाल सुजलेला, दाढ किडलेली, हिरडीत पू. तेलाचा बोळा ठेवत मी विचारलं, "आजी, सांगितलं का नाही?" "गड्यामानसापुढं तोंड कसं उघडू माय?" मी तणतणत बाहेर आले. "मॅनेजर, तुम्ही आजींचं तोंड कधी बघितलं तरी का?" "कशाला म्याडम? ताट तर रोज साफ असतंय." पुढच्या आठवड्यात ते आजींना नांदेडला घेऊन आले आणि मी दाढ काढली. तोंडात दात म्हणून तेवढी एकच उरली होती. मी बजावलं, "आता तरी खरं लिहा." ते समाधानानं म्हणाले, "लिहितो की. आता दुखायला काही राहिलंच न्हाई. दात उत्तम." तेव्हापासून तेलाच्या बाटलीचं झाकण माझ्याकडून दर वेळी जरा जास्तच घट्ट लावलं जातं.