साडूचा सायलेन्सर

माझ्या साडूची मला किळस येते, आणि हे मी बायकोसमोरही बोलतो. ती म्हणते, हळू बोला, माझ्या बहिणीचा नवरा आहे तो. आहे तर आहे. मागच्या दिवाळीच्या तोंडावर कुहीजवळच्या आमच्या सासुरवाडीत त्याने जे केलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून त्याने दिलेलं साधं पानसुद्धा माझ्या घशाखाली उतरत नाही.

सासुरवाडीत आता थोरले मेहुणेच कर्ते. शेती धानाची. लोंब्या भरू लागल्या की रानडुकरं शेतात शिरतात, खातात थोडं आणि लोळून आडवं करतात बरंच. मेहुणे सुतळी बॉम्ब लावून त्यांना पळवायचे. असाच एक बॉम्ब हातातून सुटायच्या आधी फुटला आणि त्यांचा डावा कान कायमचा गेला. उरला उजवा. त्यांची लहानगी नात त्यांच्याशी बोलायचं असलं की आधी फिरून उजव्या बाजूला जायची आणि मग तोंड उघडायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता मोठा आवाज या कानाजवळ होऊ देऊ नका, हा गेला तर संपलं.

मग डुकरं मारायची रीतसर परवानगी मिळाली. शिकारी म्हणून साडूचं नाव लागलं, कारण त्याच्याकडे परवान्याची रायफल होती. मीही तरुणपणी नेमबाजीच्या क्लबात बरीच वर्षं काढली आहेत, पण मोतीबिंदूनंतर वडिलांची रायफल मी जमा करून टाकली. मी गेलो तो बायकोला माहेरी जायचं होतं म्हणून.

शहरात महाल भागातल्या आमच्या घरासमोर साडू गाडी घेऊन आला. डिकीत रायफल, आणि तिच्या शेजारी डब्यात आधीच वाटून आणलेला मसाला. मारलेलं डुक्कर वनखात्याच्या ताब्यात द्यायचं असतं, खायचं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. 'एक तंगडी कमी झाली तर कोण मोजून राहिलं?' असं म्हणून तो फिदीफिदी हसला आणि काच खाली करून तोंडातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पिंक टाकली. वाऱ्याने ती मागच्या काचेवर आली. माझी बायको तिथेच बसली होती. त्याने वळूनही पाहिलं नाही.

गावात पोचल्यावर चहा झाला, आणि सगळं घर जमलेलं पाहून त्याने फडक्यातून एक काळं नळकांडं काढलं.

'दादा, हे खास तुमच्या कानासाठी. सायलेन्सर. आता बार केला तरी टाळी वाजल्यावानी वाजन.'

मेहुण्यांचे डोळे भरून आले. बहिणीच्या नवऱ्याने आपल्या कानाचा विचार केला, एवढ्यानेच ते विरघळले. मी म्हणालो, परवाना रायफलचा आहे, ही वस्तू कायद्यात बसत नाही, आहे तशी परत गाडीत ठेव.

'भाऊ, तुम्ही काहून कायदा सांगून राहिले? दादाचा कान मोठा का कायदा मोठा?'

सगळे माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मीच कान फोडायला निघालो होतो.

मी ती रायफल हातात घेतली आणि मला शिसारी आली. कुठल्या तरी लेथवर नळीच्या तोंडावर आटे पाडून आणले होते, तेही तिरके. नळकांडं त्यावर घट्ट बसत नव्हतं, डुगडुगत होतं. यावर या शहाण्याचा उपाय काय, तर मोरीच्या तोटीला गुंडाळतात ती पांढरी टेप. आट्यांवर टेप गुंडाळायची आणि वरून पिळायचं. गोळी आत सरकवणारा बोल्ट काढून मी मागून नळीतून पाहिलं. नीट बसलेल्या नळकांड्याचं पुढचं भोक नळीच्या अगदी मधोमध दिसतं. इथे ते एका अंगाला सरकलेलं होतं. म्हणजे गोळी जाताना आतल्या कडेला घासणार हे उघड होतं.

'चालते ना भाऊ,' साडू म्हणाला. 'आवाजच तर खाते ते. नेमाशी त्याचा काय संबंध?'

दुपारी बांधाच्या मातीसमोर पुठ्ठ्याचं खोकं ठेवून त्याने रायफल तपासली. आधी नुसत्या नळीने. सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. रायफल चांगली होती बिचारी. मग नळकांडं लावलं. पहिली गोळी वीतभर खाली, दुसरी त्याहून खाली आणि बाजूला, तिसरी खोक्याला लागलीच नाही. एक भोक तर गोल नव्हतंच, लांबट होतं. गोळी आत घासून आडवी होत गेली होती. मी ते भोक त्याला बोट घालून दाखवलं. त्याने रायफलवरच्या दुर्बिणीच्या घुंड्या फिरवायला सुरुवात केली.

'दुर्बीण हालली असन,' म्हणे.

मी शांतपणे सांगायचा प्रयत्न केला. नळी तापली की टेप सैल होते, दर गोळीला नळकांडं जागा बदलतं, मग दुर्बीण कितीही फिरवली तरी कशाशी जुळवणार आहेस? आणि नेमाचं सोड, उद्या गोळी आत अडखळली तर हे पुढून फाटेल आणि शेजारी बसलेल्याला लागेल. त्याने खर्रा मळता मळता ऐकलं आणि विचारलं, 'पण आवाज कमी झाला का नाही, ते सांगा?'

आवाज कमी झाला होता, हे खरं. त्या एका गोष्टीवर सगळं घर खूश होतं.

माझ्या पिशवीत क्लबातले कान झाकायचे जाड मफ होते. मी ते मेहुण्यांच्या डोक्यावर चढवले. त्यांनी निमूटपणे चढवू दिले. तेवढ्यात साडू आला आणि पोट धरून हसायला लागला. 'दादा, हे काय कानाले वाट्या बांधल्या? म्हंजे माह्या वस्तूवर तुमचा भरोसा नाही!' मेहुण्यांनी लगेच मफ काढले आणि माझ्या हातात दिले. जवायाचं मन मोडायचं नाही, ही त्या घरची रीत. मीही त्याच घरचा जवाई, आणि वयाने मोठा, पण मी रिकाम्या हाताने आलो होतो.

'जवाईबुवा, राग नका मानू,' ते मला म्हणाले. 'त्यायनं येवढं मनापासून आणलं. आता मी कान झाकून बसलो तर बरं दिसते का?'

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकून सांगितलं, मग निदान त्याच्या मागे बसा, बाजूला नका बसू. ते हो म्हणाले. आणि संध्याकाळी शेतात उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसले ते साडूच्या डाव्या हाताला, उजवा कान त्याच्याकडे करून. डुक्कर कुठून येतं ते साडूला कळत नव्हतं, ते मेहुणे दाखवणार होते, आणि साडू काय कुजबुजतो ते मेहुण्यांना ऐकायचं होतं. मी त्यांच्या मागे पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी उभा राहिलो.

उजेड अजून पुरता गेला नव्हता. धान हलला, एक मोठं डुक्कर बाहेर आलं आणि साडूने चाप ओढला. टाळी वगैरे काही नाही, कानठळ्या बसतील असा बार झाला आणि त्यातच पत्रा फाटल्याचा आवाज आला. नळकांड्याचं पुढचं टोक फुटून गेलं आणि उरलेलं नळीवरून निखळून चिखलात पडलं. गोळी डुकराच्या जबड्याला लागली. जबडा लोंबत ते किंचाळत डावीकडे पळालं आणि मेहुण्यांची नजरही नळकांडं सोडून त्याच्याच मागे गेली. मी 'थांब!' म्हणून ओरडलो. पण साडूला डुक्कर हवं होतं. त्याने बोल्ट मारला, रायफल डावीकडे फिरवली, मेहुण्यांच्या तोंडासमोरूनच, आणि उघड्या नळीने दुसरा बार केला.

तो बार वाया गेला. डुक्कर धानात घुसलं आणि आतून ओरडत राहिलं. ते ओरडणं मला ऐकवत नव्हतं. साडू ट्रॉलीवरून उडी मारून उतरला तो डुकरामागे नाही, मेहुण्यांकडे बघायलाही नाही, तर चिखलात आपलं नळकांडं शोधायला.

मी धावत ट्रॉलीपाशी गेलो. मेहुण्यांनी उजव्या कानावर तळवा दाबून धरला होता. 'दादा, बरे आहात ना?' मी विचारलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मी पुन्हा ओरडून विचारलं. धानात डुक्कर अजून किंचाळत होतं. मेहुण्यांनी कानावरचा हात काढला, चिखलात वाकलेल्या साडूकडे कौतुकाने पाहिलं आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

'पहिला बार लय जोरात वाजला जवाई. दुसरा बिलकुल नाही वाजला. आता बसलं बराबर.'