आधी डबे वाजवणं थांबवा

नोकरीतले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत, पण तो एक रविवार अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे उभा राहतो.

सुरत संपून उसाची शेतं सुरू होतात, तिथल्या पोलीस ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. सकाळी एका रिक्षावाल्याचा फोन आला, "साहेब, चिकूनी वाडीमां एक माणस छोकराओने दोरडाथी बांधे छे." मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांनी तेव्हा आम्हाला जेरीस आणलं होतं. अशी खबर बहुतेक वेळा पोकळ निघते, तरी पोरांचा मामला म्हणून जमादाराला गाडी देऊन पाठवलं.

मुलांना दोरीनं का बांधतायत, याचा उलगडा तिथे लगेच झाला. डिंडोलीतल्या एका मराठी शाळेचे शिक्षक मुलांना रानात राहायला शिकवत होते. गाठी मारणं, चूल पेटवणं, पालापाचोळ्याचा आडोसा उभारणं. पण हजेरी घेतली तर चौथीतली एक मुलगी कमी. काटक्या गोळा करायला गेली, ती परतलीच नव्हती. सोबतच्या बाईंनी बाकीच्या मुलांना घरी नेलं, आणि जमादार सरांना ठाण्यात घेऊन आला. गावातली माणसं शोधाला लावायला मी त्याला परत वाडीत पाठवलं.

सरांच्या पिशवीत दोरी, कोयता आणि काडेपेटी. पोलिसाच्या नजरेनं पाहिलं तर माणूस तिथेच अडकला.

दुपारी मुलीचा बाप आला. मूळचा खानदेशचा, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला. त्याच्या हातात दांडकं, मागे मिलमधली माणसं. "सायेब, त्याले मना ताबामा द्या. मनी पोर कोठे शे, तो मालेच सांगी." मी धुळ्याकडचा. अहिराणीतच समजावलं, म्हणून तो दारात थांबला, नाहीतर त्या दिवशी सरांचं काही खरं नव्हतं.

चौकशी सुरू केली. मुलीला न्यायला कुणी आलं होतं का, तिला कुणी रागावलं होतं का, घरी काही बिनसलं होतं का. सगळ्याला नाही. बनाव करणारा माणूस भराभर बोलतो, न विचारलेलंही सांगतो. हा मात्र खिडकीकडे बघत एकच म्हणत होता, "साहेब, ऊन उतरतंय. मला तिकडे जाऊ द्या." मला चीडही येत होती आणि त्याची कीवही येत होती.

शेवटी नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवून विचारलं, "आज मुलांना काय शिकवलंत?"

"हरवलं तर पळायचं नाही. आडोसा करून जागेवर बसायचं."

"मग बसलेली असेल. पण इतकी माणसं डबे बडवत, हाका मारत फिरतायत. ऐकून बाहेर का येत नाही?"

सर ताडकन उभे राहिले. "डबे बडवतायत? साहेब, आधी ते थांबवा!"

आमच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आला की लोक डबे बडवून त्याला हाकतात. सरांनी मुलांना बजावलं होतं, डबे वाजले की बिबट्या हाकतायत असं समजायचं आणि जागचं हलायचं नाही. आवाज थांबून सरांच्या टाळ्या ऐकू आल्या की मगच बाहेर यायचं. इकडे शोधणाऱ्यांनी डबे घेतले होते ते उसात बिबट्या असलाच तर पळावा म्हणून. म्हणजे आम्ही जितक्या जोरात शोधत होतो, तितकी ती पोर घट्ट बसून राहत होती.

जमादाराला वायरलेसवर सांगून डबे बंद करवले. सर आणि तिचा बाप, दोघांना एकाच जीपमध्ये घातलं आणि मध्ये मी बसलो. वाटेत बापाला हाका मारू नको म्हणून बजावलं, "दादा, तू वरडना ते पोर बाहेर येवाव नही." त्यानं दांडकं मात्र सोडलं नव्हतं.

वाडीत सगळे चिडीचूप. सरांनी टाळ्या वाजवल्या. काही नाही. पुन्हा वाजवल्या. मग उसाच्या कडेनं बारीक टाळ्या ऐकू आल्या. सगळी माणसं ज्याच्या शेजारून ये-जा करत होती, तो पाचटाचा ढीग हलला आणि आतून ती बाहेर आली. केसांत पाचट, तोंड सुकलेलं.

"सर, बिबट्या गया का?"

बापाच्या हातातलं दांडकं गळून पडलं. तो मटकन खाली बसला, तिला कवेत घेतलं आणि म्हणाला, "गया, माय. गया." माझा जीव भांड्यात पडला. जमादार उगाच डबे गोळा करत फिरत होता. त्याला डोळे पुसताना कुणी बघायला नको होतं.

त्यानंतर माझी चौकशीची पद्धत थोडी बदलली. समोरच्याला आपण "काय केलंस" एवढंच विचारत राहतो. त्याचं रोजचं काम काय, ते तो कसं करतो, हे विचारलं की पुष्कळदा वाट तिथूनच निघते. आणि हरवलेलं माणूस शोधताना आपला गोंगाट त्याला कसा ऐकू येत असेल, याचा विचार करावा.

पुढच्या रविवारी त्याच रिक्षावाल्याचा फोन आला. आवाज चांगलाच घाबरलेला. "साहेब, हवे तो मोटा माणसने पण बांधे छे!"

आता हा बांधलेला मोठा माणूस कोण, ते मी जाऊन पाहिलं. चिकूच्या झाडाला पाठ लावून मुलीचा बाप उभा होता. भोवती दोरी, आणि त्याची लेक गाठ नीट बसली की नाही ते ओढून बघत होती.

बांधू दे की तिला! कडेला उभ्या रिक्षावाल्याला म्हटलं, "बांधवा दो."