मामूंच्या रिक्षातलं वाक्य

दिल्ली गेट ते हर्सूल शेअर रिक्षा चालवणारे मामू सवारी भरली तरी निघत नाहीत. आधी ते मोबाइलवर शिकलेला एक इंग्रजी वाक्प्रचार सांगणार, प्रत्येकाकडून त्याचं वाक्य करून घेणार, तेव्हा कुठं रिक्षा सुरू करणार. 'मेक एंड्स मीट' म्हणजे ओढाताण करून महिना काढणं, हे कळल्यावर भाजीवाल्या काकू ओरडल्या, "कोथिंबीर सडली, तरी आपण एंड्स मीट!" मामूंनी शाबासकीचा हॉर्न वाजवला.

मागच्या महिन्यात एक मावशी बसल्या. मांडीवर पिशवी, नजर खाली. हर्सूलच्या जेलमध्ये मुलाला भेटायला निघाल्या होत्या. त्या दिवशी 'चिन अप' होतं. आम्हा रोजच्या सवाऱ्यांची वाक्यं झाली आणि मामू त्यांच्याकडे वळले. मी मनात म्हटलं, मामू, आज राहू द्या की!

"बोलो मावशी. हनुवटी वर. किती बी वाईट दिवस आले तरी मान खाली नाय घालायची."

मावशींनी नजर वर केली. मग हळूच म्हणाल्या, "पोराला सांगते, चिन अप."

असा हॉर्न वाजला की गेटवरची कबुतरं उडाली.

काल मावशी पुन्हा आल्या. मामूंनी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "आज नवीन काय हाय? पोरगं म्हनलं, घेऊनच ये. बराकीतले समदे वाट बघायलेत."

मामूंनी कुणाचंच वाक्य घेतलं नाही. जेलचं फाटक येईपर्यंत अख्खी रिक्षा मावशींकडून 'लुक ऑन द ब्राइट साइड', म्हणजे वाईटातही चांगलं ते बघायचं, हे घोकून घेत होती, आणि मामूंचा हात हॉर्नवरून निघत नव्हता.