फिक्रियाच्या घरची हवाव्शी

फिक्रियाला जिची किळस येत नाही अशी वस्तू कैरोत शोधावी लागेल. शुब्र्यातल्या एका इस्पितळाच्या धोबीखान्यात तिची हयात गेली. चादरींवर काय काय येतं ते पाहिलेली बाई जगाकडे नाक दाबूनच बघणार. लग्नाला गेली तर पर्समधून स्वतःचा चमचा काढते. नवरा होता तोवर त्याचा पेला वेगळा. बिचारा मेला तोही हात धुऊन, असं गल्लीत म्हणतात.

अशा बाईच्या एकुलत्या एक मुलीने, सोहैरने, पसंत करावा कोण? तर चौकात गाडी लावून हवाव्शी विकणारा बदवी! पोकळ रोटीत तिखटजाळ खिमा भरायचा आणि भट्टीत कडक भाजायचा, हाच त्याचा धंदा. त्या खिम्यात काय असतं यावर अख्खी गल्ली विनोद करते. फिक्रियाला त्यातला एकही विनोद वाटत नाही.

"गाढवाचं असेना का मांस, आई, पण करतो फक्कड!" सोहैर म्हणायची.

"हस, हस! फुफ्फुसं, चरबी, कालचं उरलेलं, सगळं मिरचीखाली झाकायचं. म्हणून तर एवढं तिखट!"

सरळ नाही म्हणावं तर मुलगी तिशी ओलांडलेली आणि हट्टी. मग फिक्रियाने डाव टाकला. बदवीला निरोप धाडला: घरी ये, माझ्या डोळ्यांदेखत हवाव्शी कर, मग लग्नाचं बोलू. एक चूक सापडली की ती नकार द्यायला मोकळी.

शुक्रवारी बदवी आला. जमलंच तर लग्न ठरल्याची फातिहा वाचायला त्याचे चुलते शलबी सोबत. खिमा बैलाचा, फिक्रियाने खाटकापुढे उभं राहून काढून घेतलेला. बदवीने कोपरापर्यंत हात धुतले. तिचा हिरमोड झाला. तिने पुन्हा धुवायला लावले. पिळून घेतलेला कांदा, हिरव्या मिरच्या, दालचिनी, मिरपूड, मेंढीच्या शेपटीची चरबी, असं सगळं घालून तो दोन्ही हातांनी मळू लागला. बोटांच्या फटींतून लाल लगदा पचपच वर येत होता. फिक्रियाने नाकाला रुमाल लावला. आणि बोलता बोलता बदवीने कच्च्या खिम्याचं बोट चाटलं. तोच हात परत परातीत!

"शी! काय केलंस हे?"

"मीठ बघितलं, मावशी."

"थुंकी घातलीस!"

"भट्टीत सगळं जळतं हो. या बोटावर अख्खा चौक जगतोय!"

सोहैर पातेल्याच्या झाकणाने तोंड लपवून हसत होती.

"संपलं. हे लग्न होणार नाही," फिक्रिया म्हणाली. तिला हवं ते मिळालं होतं.

शलबीकाका रोट्या भाजून होईपर्यंत थांबले, मग ताट तिच्यापुढे सरकवलं. "बाई, गाडीवर येऊन नाक मुरडलं असतंत, तर कुणी काही बोललं नसतं. पण तुम्ही आम्हाला घरी बोलावलंत. तुमच्या छपराखाली भाजलेल्या रोटीचा पहिला घास तुमचा. घेतलात तर आपलं भाकरी-मीठ झालं, नातं जुळलं, मग नकार नाही. नाही घेतलात तर दारी आलेल्याला उपाशी घालवल्यासारखं. मग या उंबऱ्यावर दुसरं स्थळ चढेल, असं वाटतं?"

हे फिक्रियाच्या ध्यानातच आलं नव्हतं. स्वच्छ स्वयंपाकघराच्या घमेंडीत तिने स्वतःलाच कोंडून घेतलं होतं.

सोहैरचं हसू विरलं. "नको खाऊस, आई. दुसरा कुणी मी करणार नाही. इथेच राहीन, तुझे पेले घाशीत."

फिक्रियाने मुलीकडे पाहिलं. मग कडेचा, सगळ्यात करपलेला तुकडा मोडला. चरबीचा ओघळ मनगटापर्यंत आला. ते बोट डोळ्यांपुढून हलेना. डोळे मिटून तिने तुकडा तोंडात टाकला आणि चावला. लागला चांगला, आणि त्याचीच तिला जास्त किळस आली.

"वाचा फातिहा," ती रुमालाआडून म्हणाली, "आणि आटपा. मला मोरीत जायचंय."