न सापडल्यावर

मस्तगडच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा हा माणूस कुठलंही मॅन्युअल आपल्याला काहीच येत नाही असं धरून वाचतो. मला ते जमत नाही, म्हणून मी जळतो.

परवा आम्ही एआय एजंटांना एक्सेल शीटमधली माहिती शोधून देणाऱ्या टूलचं, त्या एजंटांनीच वाचायचं मॅन्युअल तपासत होतो. मी ‘बराबर आहे’ म्हणून मोकळा झालो. तो ओळीवर बोट ठेवून पुटपुटतच होता.

“भाऊ, शोधलेलं न्हाई सापडलं तर एजंटानं काय सांगावं, हे कुठंच लिहिलं न्हाई. मंग तो मनानंच काहीबी ठोकून देणार. तुम्हाला दिसलं का हे?”

मला काहीच दिसलं नव्हतं.

“दिसलं ना,” मी म्हणालो. “सांगणारच होतो.”

त्यानं बिलकुल शंका न घेता तपासणीच्या अहवालात ही चूक नोंदवली आणि ती शोधणाऱ्यांत माझं नाव आधी लिहिलं.