गंगूअक्कांची नजर

गंगूअक्का समोरच्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहत नसत. त्या ओठांकडे पाहत, आणि इतक्या एकटक की बोलणारा मध्येच अडखळायचा. धुळ्यात त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली, त्या पहिल्याच दिवशी मला वाटलं, माझ्या दातात काहीतरी अडकलंय. गल्लीतल्या बायका म्हणत, "अक्का फार तोऱ्यात असतात. मागून हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाहीत." मीही तसंच समजून चाललो होतो. माणसाकडे रोज पाहूनही त्याच्याविषयी किती कमी कळतं, हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळायचं होतं.

मी मूळचा रावेरकडचा. सकाळी एका संगणकवर्गात शिकवायचो आणि दुपारी खोलीत बसून 'उल्का' नावाचा एक व्हिडिओ गेम तयार करायचो. लहानपणी मामाच्या टीव्हीला जोडून आम्ही ज्या धर्तीचे खेळ खेळलो, अगदी तसाच: काळंभोर आकाश, ठळक चौकोनी ठिपक्यांची चित्रं, खाली एक छोटं पांढरं यान आणि वरून उतरणाऱ्या शत्रूच्या फौजा. जीव तीनच. गोळी चुकवायची आणि गोळी मारायची, एवढंच काम. माझा जळगावचा मित्र संदेश त्याचं संगीत करत होता. गेममधली सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे ते संगीत, असं आमचं दोघांचंही ठाम मत होतं.

एका दुपारी अक्का वाळवणाचं ताट गच्चीवर नेता नेता दारात थांबल्या. वय पासष्टीच्या पुढे, अंगाने काटक, नऊवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. लॅपटॉपच्या पडद्याकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "हाई काय शे, भाऊ?"

मी सांगितलं. खेळून बघा म्हटलं, ते निव्वळ गंमत म्हणून. त्यांनी ताट खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि बसल्या. यान चालवायचा कंट्रोलर मी त्यांच्या हातात दिला. पाच-सहा सेकंदांत तिन्ही जीव गेले. मला वाटलं, आता हसतील आणि उठतील. त्या हसल्या नाहीत. "परत लाव," म्हणाल्या.

मग रोज दुपारी त्या येऊ लागल्या. जेवण आटोपून, भांडी पालथी घालून, बरोबर अडीचला. पहिला आठवडा त्यांनी शत्रूवर जवळजवळ गोळीच झाडली नाही. नुसत्या सरकत राहिल्या, डावीकडे, उजवीकडे. मी पडद्यावरच्या शत्रूकडे बोट दाखवत म्हणायचो, "अक्का, मारा ना!" त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणायच्या, "पहिले दखू दे." आधी बघू दे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यान फुटलं की मान हलवायच्या. "मनी चूक व्हती." आणि लगेच पुढचा डाव.

एकदा मी विचारलं, एवढ्यांदा मरूनही कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, "तुना खेळ चांगला शे. मरनं का, लगेच उभं करस. आनि काबर मरनं ते समजस." का मेलो ते कळतं: कुठल्याही जाणकाराने त्या गेमचं याहून नेमकं कौतुक पुढे केलं नाही.

पण तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुना खेळ खोटं बोलस."

"म्हणजे?"

"गोयी मले लागनीच नही. बाजूथून गई. तरी मी मरनी."

मला राग आला. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "अक्का, मशीन खोटं कसं बोलेल? लागली असेल." त्यांनी वाद घातला नाही. उठून खाली गेल्या. मी मात्र अस्वस्थ झालो. यानाभोवतीची हद्द, म्हणजे जिथे गोळी शिरली की मरण, ती मी पडद्यावर रेघांनी काढून पाहिली. यान त्रिकोणी होतं आणि मी आळसाने त्याच्याभोवती सरळ चौकोन टाकला होता. वरचे दोन्ही कोपरे रिकामे. तिथून गेलेली गोळी डोळ्यांना चुकलेली दिसायची आणि गेम मात्र यान फोडायचा. केसाएवढा तो फरक माझ्या, संदेशच्या, आमच्या दहा-बारा मित्रांच्या लक्षात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन कबूल केलं. अक्का म्हणाल्या, "दुरुस्त कर. मंग येस मी."

त्यानंतर मी त्यांचं बोलणं वहीत लिहून ठेवू लागलो. शत्रूच्या गोळ्या आणि स्फोटाच्या ठिणग्या एकाच पिवळ्या रंगाच्या होत्या. त्यावर त्या म्हणाल्या, "शोभानी ठिणगी आनि मरन, दोन्ही एकच कसं दखाडस?" मी गोळ्या लाल केल्या. चौथ्या टप्प्याबद्दल म्हणाल्या, "आठे तुले काही सुचनं नही. नुसतं लांबाडेल शे." खरंच तेव्हा मला काही सुचलं नव्हतं. मी तो टप्पा अर्ध्यावर आणला.

सगळ्यात अवघड होतं शेवटचं मुख्ययान. ते अख्खं आकाश व्यापायचं आणि मध्येच एक रुंद किरण सोडायचं. किरणाच्या आधी एक खोल, घोगरा भोंगा वाजायचा. तो ऐकून बाजूला सरकायचं, हीच युक्ती. तो भोंगा संदेशने पंधरा दिवस खपून केला होता.

संदेश त्याच सुमारास जळगावहून आला. अक्का मुख्ययानाशी झुंजत होत्या. त्याने त्यांच्या पाठीमागून विचारलं, "अक्का, म्युझिक कसं वाटलं?" उत्तर नाही. त्याने पुन्हा विचारलं. मग पंख्याच्या घरघरीत इतका वेळ न जाणवलेली स्पीकरची शांतता त्याच्या ध्यानात आली आणि तो माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "अरे, वायर निघालीय. आवाज बंद आहे."

आम्ही दोघंही पडद्याकडे पाहू लागलो. भोंगा वाजत नव्हता. भोंग्याशिवाय तो किरण चुकवणं आम्हाला, बनवणाऱ्यांना, एकदाही जमलेलं नव्हतं. आणि अक्का सरकल्या. किरण बाजूने गेला. पुन्हा सरकल्या. तिसऱ्यांदाही.

डाव संपल्यावर मी त्यांच्या समोर बसलो. आता मला त्यांचं ओठांकडे पाहणं कळत होतं. "अक्का, किरण येणार हे तुम्हाला कसं कळतं?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "त्या लाल दिवा थांबतस नं!"

मुख्ययानाच्या शेपटाला चार बारीक लाल दिवे फिरत असत, शोभेसाठी टाकलेले. आम्ही पडद्याचं चित्रण करून ते अगदी सावकाश चालवून पाहिलं. किरण तयार करताना माझा प्रोग्राम एक क्षण अडखळत होता आणि त्या क्षणात ते दिवे थबकत होते. पापणी लवते तेवढा वेळ. ती माझी चूक होती. मी लिहिलेल्या प्रोग्राममधली, मला ठाऊक नसलेली चूक अक्कांनी नुसत्या डोळ्यांनी हेरली होती आणि तिच्या आधारावर त्या तगून राहत होत्या.

"तुम्हाला ऐकू येत नाही, हे सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तू इचारं नही," त्या म्हणाल्या. मग कानाला हात लावून हसल्या. "कान जिनमाच राही गयात."

तीस वर्षं त्यांनी कापसाच्या जिनिंगमध्ये काढली होती. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची लांबलचक रांग, आणि प्रत्येक यंत्रापुढे कापूस लोटणारी एक बाई. त्याहून जास्त त्या काही बोलल्या नाहीत. संदेश मात्र परतताना जिन्यात थांबला आणि म्हणाला, "पंधरा दिवस मी त्या भोंग्यावर घालवले. ज्याला ऐकू येत नाही त्याचं काय, हे एकदाही मनात आलं नाही रे."

आम्ही ते दिवे थोडे मोठे केले आणि त्यांचं थांबणं मुद्दाम ठेवलं. मी आधी ते फारच ठळक केले होते, तेव्हा अक्का रागावल्या. "लोकेसले आंधया समजस का?"

पुढे एका दुपारी त्यांनी गेम पूर्ण केला. मुख्ययान फुटलं, ठिणग्या विझल्या आणि पडद्यावर नुसतं काळं आकाश उरलं. अक्का कंट्रोलर मांडीवर ठेवून बघत राहिल्या.

"बठ्ठा गयात?"

"सगळे गेले, अक्का. तुम्ही जिंकलात."

"आभाय रिकामं व्हयी गयं," त्या हळूच म्हणाल्या. इथे शेवटी काय दाखवू, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नको. थोडा टाइम असंच राहू दे." 'उल्का' बाहेर आला तेव्हा त्या रिकाम्या आकाशाविषयी काहींनी तक्रार केली, काहींना तेच सगळ्यात आवडलं. गेम फार खपला नाही. पण कठीण आहे आणि प्रामाणिक आहे, असं खेळणारे लिहीत.

मला जळगावला नोकरी लागली. सुटीत धुळ्याला गेलो की अक्का लॅपटॉपकडे बोट दाखवायच्या. गेल्या उन्हाळ्यात चाळीसगावहून त्यांच्या मुलीचा फोन आला. अक्का सकाळी झोपेतच गेल्या होत्या.

दहाव्याला मी धुळ्यात पोहोचलो. ओट्यावर जिनिंगमधल्या चार-पाच म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांतल्या सिंधूबाईंनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती.

"तूच का वरला भाडेकरू?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी तो हात माझ्यापुढे धरला. "मना पदर पट्टामा गया व्हता. मी आरोळ्या मारू, पन त्या आवाजमा कोन ऐकी? गंगू चार यंत्रं पलीकडे व्हती. पट्टा वाकडा चालना, ते तिनी दखं. धावत उनी, पदर फाडा, मले ओढं. दोन बोटंवर निभावनं." मग त्यांनी हात मागे घेत विचारलं, "ती तुनाकडे काय कराले ये?"

"खेळायला," मी म्हणालो.

"खेळाले? गंगू?" सिंधूबाईंनी बाकीच्यांकडे पाहिलं. "ती कधी खेळनी नही. सात वरीसनी व्हती, तवयपासून कामले."

त्यांना खरं वाटेना. मी पिशवीतून लॅपटॉप काढला. अक्कांनी जिंकलेला तो डाव जपून ठेवलेला होता, तो लावला. बायका सरकून जवळ आल्या. काळ्या आकाशात छोटं पांढरं यान उभं होतं. वरून लाल गोळ्यांची सर उतरली. यान हललं नाही. गोळ्या अगदी अंगावर येईपर्यंत ते थांबून राहिलं, मग बोटभर डावीकडे गेलं, पुन्हा थांबलं, पुन्हा बोटभर. कुठेही घाई नाही, एकही हालचाल वाया नाही.

सिंधूबाई पुढे वाकल्या. तीन बोटांचा हात त्यांनी पडद्यावरच्या यानाजवळ नेला, पण टेकवला नाही.

"दखा वं," त्या इतर बायकांना म्हणाल्या, "हाऊ तिनाच हात शे."